सोम इमाजिनारिओनं रॉक सोडून अमेरिकी जॅझची नक्कल केली, हे खरं नाही

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, ऐकणाऱ्यांमध्ये ब्राझीलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "तिथले चांगले बँड १९७३ च्या सुमारास जॅझ फ्यूजनच्या नादी लागले आणि वाया गेले." फ्यूजन म्हणजे जॅझ आणि रॉकची सरमिसळ. पुरावा म्हणून बहुतेक वेळा सोम इमाजिनारिओचं नाव पुढे केलं जातं. रिओमध्ये १९७० साली जमलेला हा बँड. १९७० आणि १९७१ च्या त्यांच्या दोन रेकॉर्डी गाण्यांच्या होत्या. १९७३ ची तिसरी, 'मातांसा दो पोर्को' म्हणजे 'डुकराची कत्तल', जवळजवळ पूर्णपणे वाद्यांची. या एका बदलावरून आरोपांची माळच लावली जाते: जॅझ यांना मागाहून चिकटला, कंपनीनं ढकललं, हुकूमशाहीत शब्द टाकून सुरक्षित कोपरा धरला, जीव गेला आणि कसरत उरली, आणि हे सगळं अमेरिकेकडे बघून केलं. हा बँड मला फार जवळचा आहे. पण जिव्हाळा बाजूला ठेवून नुसत्या तारखा आणि माणसं पाहिली तरी यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी "रॉकवाले मागाहून जॅझकडे वळले" हे घेऊ. गोष्ट नेमकी उलटी आहे. बँडचा कणा असलेला कीबोर्डवादक वाग्नेर तिझो हा मिनास जेराइस राज्यातल्या त्रेस पोंतास या कॉफीच्या गावचा. पुढे नावाजलेला गायक मिल्टन नासिमेंतो तिथेच वाढला. पोरवयात दोघं गावोगावच्या नाचाच्या कार्यक्रमांत वाजवत, आणि त्यांच्या एका बँडचं नाव होतं 'डब्ल्यूज बॉइज', कारण सगळ्यांची नावं डब्ल्यूनं सुरू व्हायची. एकट्या मिल्टनचं होत नव्हतं, म्हणून तो तेवढ्यापुरता 'विल्टन' झाला! पुढे मिनासची राजधानी बेलो ओरिझोंतेला दोघांनी 'बेरिंबाउ ट्रिओ' काढला. त्यात पियानोवर तिझो, ड्रम्सवर पाउलो ब्रागा आणि डबल बासवर मिल्टन. पियानो, बास, ड्रम्स ही तेव्हाच्या सांबा-जॅझची ठरलेली मांडणी. ताम्बा ट्रिओ, झिम्बो ट्रिओ हे त्यातले गाजलेले संच. नंतर रिओत तिझो सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवादक पाउलो मोउरा यांच्याबरोबर वाजवत होता, तेही सोम इमाजिनारिओ जन्माला यायच्या आधी. मिल्टनला साथ करण्यासाठी १९७० मध्ये हा बँड जमला तेव्हा तिझोच्या हातात जॅझ मुरलेला होता. नवीन होता तो रॉक, झे रोद्रिक्स, तावितो आणि फ्रेदेरा यांनी आणलेला. झे रोद्रिक्स पहिल्या रेकॉर्डनंतर बाहेर पडला आणि बँडचा आवाज तिझोच्या पियानोभोवती गोळा झाला. या सगळ्यात धर्मांतर कुठेच नाही.

"कंपनीनं ढकललं" या आरोपावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. अकरा मिनिटांच्या आसपासचा, शब्द नसलेला, डुकराच्या कत्तलीचं नाव दिलेला तुकडा विकायला कुणाला हवा असतो? बाजाराला काय हवं होतं ते साओ पाउलोच्या 'सोम नोस्सो दे कादा दिया'कडे पाहून कळतं. १९७४ ला 'स्नेग्स'सारखी भारी प्रोग्रेसिव्ह रेकॉर्ड काढलेल्या या बँडच्या १९७७ च्या रेकॉर्डची एक बाजू नाचायच्या फंकची आहे. फंक नाचवतो आणि रेडिओवर चालतो. 'मातांसा दो पोर्को'तलं संगीत या दोन्हींतलं काहीच करत नाही.

शब्द सोडण्याचा आरोप मात्र मला खरोखर सलतो, कारण तो करणारे त्या काळाकडे बघतच नाहीत. डिसेंबर १९६८ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीनं पाचवा संस्थात्मक कायदा आणला आणि सेन्सॉरचा फास आवळला. १९७३ मध्ये मिल्टनच्या 'मिलाग्रे दोस पेशेस' या रेकॉर्डमधल्या तीन गाण्यांचे शब्द सेन्सॉरनं नामंजूर केले. त्यातल्या एका गाण्याचे शब्द मार्सिओ बोर्जेसचे होते, एकाचे फेर्नांदो ब्रांतचे आणि एकाचे चित्रपट दिग्दर्शक रुय गेर्रा यांचे. मिल्टननं गाणी काढून टाकली नाहीत. शब्दांची जागा रिकामी ठेवली आणि त्यावर नुसता आवाज लावला: हुंकार, किंकाळ्या, वरच्या पट्टीत फाटत जाणारा फाल्सेटो. ती रेकॉर्ड ऐकणाऱ्याला काहीतरी कापलं गेलंय हे कुणी सांगावं लागत नाही. आणि या रेकॉर्डवर साथीला कोण आहे? तिझो, बासवर लुईझ आल्वेस, ड्रम्सवर रोबेर्तिन्यो सिल्वा. सोम इमाजिनारिओचीच माणसं, हेच वर्ष. तिझोनं 'मातांसा' सेन्सॉरमुळेच वाद्यांवर ठेवली असं मी म्हणत नाही, तसा दावा करण्याइतका आधार माझ्याकडे नाही. पण जिथे शब्दांवर लाल रेघ फिरत होती तिथे वाद्यसंगीताला 'पळवाट' म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. मिल्टनचा तो शब्दहीन आवाज 'मातांसा'च्या शीर्षक तुकड्यातही आहे. भरलेल्या वाद्यवृंदाच्या वर तो चढत जातो तेव्हा याला सुरक्षित कोपरा कसं म्हणायचं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

"भावना गेली, कसरत उरली" याबद्दल थोडं मान्य करावं लागेल. सत्तरच्या दशकाच्या शेवटी फ्यूजनच्या नावाखाली जगभर पुष्कळ बोटांची शर्यत झाली, ब्राझीलमध्येही झाली. मलाही ती रुचत नाही. पण ती उधारी १९७३ च्या खात्यावर का मांडायची? 'आर्मिना' एकदा नीट ऐका. पियानोची एक साधी, उदास धून. कुणालाही दोनदा ऐकून गुणगुणता येईल अशी. ती पहिल्यांदा येते तेव्हा पूर्ण तुकडा उभा राहतो, आणि मग रेकॉर्डभर तीन ठिकाणी छोट्या तुकड्यांच्या रूपात परत येते. वेग दाखवायचा असता तर हीच हक्काची जागा होती, आणि तिझो तिथे हात आवरतो. रॉक गेला म्हणणाऱ्यांनी शीर्षक तुकड्यातलं गिटारही ऐकावं. त्याचा तो घासलेला, फाटका आवाज कुठल्याही प्रोग्रेसिव्ह रेकॉर्डवर शोभला असता. एक उणीव मात्र खरी आहे: पहिल्या रेकॉर्डवरची गाण्यांची मस्ती इथे नाही, आणि ती आठवते.

आता नकलेचा मुद्दा. तो सगळ्यात जास्त फिरतो आणि सगळ्यात कच्चा आहे. परक्याचा प्रभाव हाच गुन्हा असेल तर पहिली रेकॉर्ड जास्त गुन्हेगार ठरेल. तिच्यावर 'सुपर गॉड', 'हे मॅन', 'मेक बिलीव्ह वॉल्ट्स' अशी इंग्रजी नावं आहेत. हिप्पींच्या वाटेवरचं 'नेपाळ'सुद्धा आहे. मला ती रेकॉर्ड आवडते आणि प्रभाव हा गुन्हा वाटत नाही. पण लंडनकडून घेतलं तर अस्सल रॉक आणि न्यूयॉर्ककडून घेतलं तर नक्कल, हा न्याय कुठला?

शिवाय ज्या अमेरिकी फ्यूजनची नक्कल केली म्हणतात, त्याच्या पायात ब्राझीलची माणसं आहेत. एर्मेतो पास्क्वाल आणि आयर्तो मोरेरा हे ब्राझीलचे वादक १९६७ मध्ये 'क्वार्तेतो नोवो' या संचात होते. ईशान्य ब्राझीलच्या बाइयाँव तालावर जॅझची मोकळीक चढवायचं काम तिथे आधीच झालं होतं. नंतर आयर्तो अमेरिकेत गेला आणि जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवू लागला. डेव्हिसच्या 'लाइव्ह-इव्हिल'वर एर्मेतोच्या रचना आहेत. वेदर रिपोर्ट या अमेरिकी फ्यूजन बँडच्या १९७१ च्या पहिल्या रेकॉर्डवर आयर्तो आहे, त्यानंतर तिथे दोम उम रोमाओ आला. चिक कोरियाच्या 'रिटर्न टू फॉरेव्हर'मध्ये फ्लोरा पुरीं गाते आणि ड्रम्सवर पुन्हा आयर्तो. आयर्तो आणि दोम उम रोमाओ ही तालाची माणसं आहेत, आणि सांब्यात वजन दुसऱ्या ठोक्यावर पडतं. मोठा सुर्दो ढोल तिथे घुमतो. रॉकचा ड्रमर बास ड्रमनं पहिला ठोका ठोकून बसतो, पण रोबेर्तिन्यो सिल्वा ते वजन पुढे सरकवतो आणि अख्खा बँड पाण्यावर असल्यासारखा हलतो. ही चाल त्याला अमेरिकेकडून आणायची गरज नव्हती, ती घरचीच होती.

मे १९७४ मध्ये साओ पाउलोच्या म्युनिसिपल थिएटरात मिल्टन आणि सोम इमाजिनारिओ वाद्यवृंदासह उभे राहिले. संचालनाला तेच पाउलो मोउरा, सॅक्सोफोनवर निवाल्दो ओर्नेलास, गिटारवर तोनिन्यो ओर्ता. या मैफलीच्या रेकॉर्डची सुरुवातच 'मातांसा दो पोर्को'नं होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेदर रिपोर्टचा वेन शॉर्टर आपली 'नेटिव्ह डान्सर' ही रेकॉर्ड ध्वनिमुद्रित करत होता. त्यानं मिल्टनला बोलावलं, आणि मिल्टनबरोबर तिझो आणि रोबेर्तिन्योही गेले. पियानोवर हर्बी हॅन्कॉक. नऊ तुकड्यांपैकी पाच मिल्टनचे. पहिलाच तुकडा 'पोंता दे आरेया', म्हणजे मिनासहून बाहियाच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या आणि पुढे उखडून टाकलेल्या रेल्वेमार्गाचं गाणं, तेही नऊ मात्रांच्या फेऱ्यात. त्या स्टुडिओत चाल ब्राझीलच्या लोकांची होती आणि ती शिकत होते शॉर्टर आणि हॅन्कॉक.