संस्थेचा राजकारणाशी काडीचाही संबंध नाही

तुमच्या संस्थेकडे आयकर खात्याची १२एबीची नोंदणी आहे (म्हणजे संस्थेला करमाफी), ८०जी आहे (म्हणजे देणगीदारालाही करात सूट), घटनेत ‘शैक्षणिक, सामाजिक व सांस्कृतिक’ असं लिहिलंय आणि अध्यक्षांच्या मेहुण्याला तिकीट मिळालंय. योग चांगला आहे. आता फक्त शब्द सांभाळा. ठरावबुकात मतदाराला ‘लाभार्थी’ लिहायचं, प्रचारफेरीला ‘जनजागृती’ आणि उमेदवाराला ‘प्रमुख पाहुणे’. एकच प्रमुख पाहुणे महिन्यात अकरा कार्यक्रमांना लाभले, तर ते संस्थेचं भाग्य समजावं.

सर्वसाधारण सभेत कुणीतरी शहाणा सभासद कायदा काढणारच. त्याला आंध्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी संघटनेचा निकाल ऐकवा. मूळ उद्देश धर्मादाय असेल आणि तो साधताना ओघानं राजकारणाला हात लागला, तर तेवढ्यानं धर्मादायपण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. यातलं ‘ओघानं’ तेवढं आपल्या कामाचं. गुणवंतांचा सत्कार बारा मिनिटांत उरका, मग दीड तास ओघ वाहू द्या. (त्या चेंबरला व्यापाराच्या कायद्यांवर बोलायचं होतं, कुणाचा मेहुणा निवडून आणायचा नव्हता. हे सभासदाला सांगत बसू नका.)

सण मतदानाची तारीख बघून निवडा. २०२४ ला बेळगाव-चिक्कोडीचं लोकसभेचं मतदान ७ मेला होतं आणि अक्षय तृतीया १० मेला, म्हणजे अख्खी चैत्रगौर आचारसंहितेत. कैरीची डाळ, पन्हं, ओटी आणि वाण म्हणून स्टीलचा डबा. डबा किती लिटरचा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. चिन्हाचं स्टिकर झाकणावर लावू नका. कुणी निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर फोटो टाकला की शंभर मिनिटांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो आणि भरारी पथक पहिलं झाकणच बघतं. आतून लावा. घरी नेऊन डबा घासला की कागद निघून जातो, डिंकाचा चौकोन मात्र खोबरेल तेल चोळल्याशिवाय हलत नाही. मतदानापर्यंत तेवढा पुरतो.

डबे कोल्हापूरहून येणार असतील तर महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाका लक्षात ठेवा. माल ५० हजारांच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं. बिलावर संस्थेचं नाव आणि गाडीच्या काचेवर पक्षाचा झेंडा, इथंच बहुतेक जण सापडतात.

फ्लेक्सचं गणित आपल्याकडे जरा अवघड आहे. कर्नाटकात फलकावर साठ टक्के कन्नड हवं, २०२४ च्या दुरुस्तीनंतर ट्रस्टच्या फलकांनाही ते लागू आहे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत संस्थेचं मराठी नाव, बोधवाक्य आणि हात जोडलेले प्रमुख पाहुणे बसवायचे. खाली ‘आपला माणूस’ एवढंच लिहा. भाषेच्या नावावर मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण आहे, आणि २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा मतांनी उमेदवाराच्या भाषेबरोबर मतदाराचीही भाषा त्यात धरली. पण ‘आपला’ म्हणजे कुणाचा, हे सीमाभागात कुठल्या गल्लीत सांगावं लागतं? देवळाच्या आवारात मात्र लावू नका. १९८८ च्या कायद्यानं पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मंडळात तेवढी वर्षं पद कुणी राखून ठेवत नाही.

आता खर्च. करमाफीसाठी उत्पन्नातले ८५ टक्के संस्थेच्या उद्देशांवर लागले पाहिजेत, ही एरवी छळणारी अट निवडणुकीच्या वर्षात गोड लागते. डबे ‘महिला सक्षमीकरण’ खाती टाका. पण एका माणसाला एका दिवशी १० हजारांच्या वर रोख दिलं तर तो खर्च धरतच नाहीत, म्हणून मंडपवाल्याला ९,९०० ची नऊ व्हाउचर, नऊ तारखांची. सगळी एका बैठकीत, एकाच पेनानं, एकाच शाईच्या डागासकट लिहिली जातात, ऑडिटर तो डाग बघून सुस्कारा सोडतो आणि फी वाढवतो.

उमेदवाराची लेखी संमती घेतली तर तो खर्च त्याच्या हिशेबात जातो, विधानसभेला ४० लाखांच्या मर्यादेत. घेतली नाही तर गुन्हा तुमच्यावर. कायदा अगदीच निर्दय नाही, दहा रुपयांपर्यंत केलेल्या खर्चाला दहा दिवसांत मंजुरी आणली तर चालते. एक चहा बसवा.

देणगीदार गोळा करताना एक गोष्ट त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. जुन्या कररचनेत पक्षाला चेकनं थेट दिलं तर पूर्ण रक्कम वजा मिळते, तुमच्या ८०जीच्या पावतीवर साधारणपणे निम्मी. म्हणजे सरळ रस्ता स्वस्त आहे. रोखीत २,००० च्या वर दिलं तर पावतीचा उपयोग शून्य. आणि ‘एक हितचिंतक’ या नावानं येणारी रक्कम एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांत जे जास्त त्याच्या वर गेली की जादा रकमेवर सरसकट ३० टक्के कर.

राहता राहिले मेहुणे. बायकोचा भाऊ असो की बहिणीचा नवरा, आयकर कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत दोघंही आहेत. विश्वस्तांच्या नातेवाइकासाठी संस्थेची बस, हॉल, कारकून फुकट राबवला तर तेवढ्या रकमेवर ३० टक्के कर, वर त्या पूर्ण रकमेइतका दंड, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सापडलात तर दंड दुप्पट. तिकीट साडूला वळवावं म्हणाल तर साडूही यादीत आहे. भाचा आहे, सून आहे, जावई आहे. यादी करणाऱ्याला आपली घरं चांगली ठाऊक असावीत.

व्याही मात्र राहून गेलेत. मुलगी लग्नाची असेल तर पुढची जिल्हा पंचायत डोळ्यासमोर ठेवूनच स्थळं बघायला लागा.