काटा बदलला, पासंग तोच

२६ मे २०२५ ला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. दिल्लीत ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’चं उद्घाटन झालं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं (आयआयटीएम) बांधलेलं हे हवामान मॉडेल, म्हणजे हवेचं गणित संगणकावर सोडवून अंदाज काढणारी प्रणाली, पृथ्वीवर आखलेल्या ६ किलोमीटरच्या चौकोनांच्या जाळीवर चालतं. आणि त्याच दिवशी मान्सून मुंबईत धडकला, ७५ वर्षांत आला नव्हता इतक्या लवकर. तिसरी गोष्ट बातम्यांत नव्हती. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी दादानं बियाण्याच्या थैल्या आणून ठेवल्या होत्या. त्यानं मला व्हॉइस मेसेज टाकला, “बावा, ममईत पाणी आला म्हंतेत. टोबू का थांबू?”

मी इंग्लंडात एक्झेटरला राहतो आणि पोटासाठी हवामान मॉडेलचा कोड लिहितो. गावात याचा अर्थ मला पावसाची तारीख ठाऊक असते असा होतो. मी म्हटलं, थांब. मे संपता संपता मान्सून जागच्या जागी थबकला आणि पुढे सरकायला जून अर्धा उलटला. पण माझं श्रेय काही नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं. मी तेच सांगितलं, फक्त परदेशातून सांगितलं म्हणून पटलं.

त्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रणधुमाळी होती. एक गट म्हणे, आता अमेरिका-ब्रिटनच्या मॉडेलांची गरज नाही, आपलं स्वदेशी आलं. दुसरा म्हणे, सरकारी अंदाज कधी बरोबर आलाय, त्यापेक्षा भेंडवळची घटमांडणी बरी. तिसऱ्याचं म्हणणं, एआय आलंय, मॉडेलं गेली भंगारात. मी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर “तुला काय, तू तिकडे” हे ऐकावं लागलं असतं. ते खरंही आहे. इथे अंदाज चुकला तर माझे दोरीवरचे कपडे भिजतात. तिकडे बियाणं मातीत जातं आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत नाव चढतं.

तरी ‘स्वदेशी की परदेशी’ हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. आपल्याकडे दोन्ही कधीपासून सोबत चालतात. हवामान खात्याचं १२ किलोमीटरच्या जाळीचं जीएफएस हे मॉडेल मुळात अमेरिकेतून आलेलं, आणि नोएडाचं सरकारी हवामान अंदाज केंद्र चालवतं ते ब्रिटिश ‘युनिफाइड मॉडेल’. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, भारत असे बरेच भागीदार मिळून तो कोड सांभाळतात. आणि नेमकं हेच मॉडेल सध्या बदलतंय.

का बदलतंय तेही सांगतो. जुन्या मॉडेलची जाळी अक्षांश-रेखांशांची. बैलगाडीच्या चाकाचे आरे मधोमध एकवटतात तशा सगळ्या रेखांशाच्या रेषा ध्रुवाशी एकवटतात. तिथे बिंदू इतके खेटून बसतात की हजारो प्रोसेसर गणित कमी आणि एकमेकांशी बोलणं जास्त करतात. यंत्र कितीही मोठं आणा, उपयोग नाही. म्हणून नवी जाळी एखादा घन फुगवून चेंडू करावा तशी केली, आणि हवेच्या गतीचं गणित मुळापासून पुन्हा लिहिलं. दहा वर्षांहून अधिक काळ हे काम चाललंय.

माझ्या मते गणित हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे तो पासंग.

आमच्याकडे कापूस मोजायच्या काट्याचं एक पारडं खाली झुकत असलं की दुसऱ्यात एक दगड टाकत, तोच पासंग. मॉडेलांचंही तसंच. समजा जुनं मॉडेल एखाद्या भागात पाऊस नेहमी जास्त दाखवतं. मग तिथले लोक वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहून तेवढा वजा करायला शिकतात. प्रत्येक देशाचा पासंग वेगळा, तिथल्याच माणसांनी घडवलेला, आणि बराचसा कुठेच न लिहिलेला. काटा बदलला की तोच दगड खोटं माप देतो. नवं मॉडेल जास्त बरोबर असूनही शेतकऱ्यापर्यंत पोचणारा अंदाज पहिल्या वर्षी बिघडू शकतो, तो यामुळे. म्हणून जुनं आणि नवं निदान एकेक पूर्ण मोसम शेजारी शेजारी चालवावं लागतं. त्यात खर्च दुप्पट आणि माणसं तेवढीच. जुन्यात एखादी चूक दुरुस्त केली की तीच नव्यातही करायची, म्हणजे एका बैलजोडीनं दोन वावरं वखरायची.

याच्या बैठका कंटाळवाण्या असतात. उन्हाळ्यात आमचे सकाळचे ८ म्हणजे नोएडात दुपारचे साडेबारा, सोलला ४, मेलबर्नला ५ आणि वेलिंग्टनला संध्याकाळचे ७. कुणाचं जेवण तरी राहतं, कुणाची मुलं तरी मागे रडत असतात. एका बैठकीत विषय होता, जुन्या आवृत्तीची देखभाल कधी थांबवायची. कुणीतरी सहज म्हणालं, जून बरा, शांत असतो. इथे तो शांत असतोच, हिवाळी वादळं संपलेली असतात. मी माइक सुरू केला आणि म्हणालो, माझ्या गावात वर्षभराचा जुगार जूनमध्ये खेळतात. पाच-सात सेकंद कुणी बोललं नाही. मग ऑस्ट्रेलियाच्या बाईंनी त्यांची अडचण सांगितली, दुसऱ्या कुणी आपली. बंगालच्या उपसागरातली ऑक्टोबर-नोव्हेंबरची चक्रीवादळंही निघाली. तासाभरानं कळलं की सगळ्यांना शांत असा महिना कॅलेंडरात नाहीच. शेवटी सगळ्यांसाठी एकच तारीख ठरवायचा नाद सोडला आणि प्रत्येकाला आपापली मुदत मिळाली. बारा वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली बैठक ती.

इथलं सगळं चांगलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या टेबलावर शेतकरी एकही नव्हता, एक्झेटरभोवतालच्या डेव्हनचाही नाही. मीही एरवी गप्प बसतो. इंग्रजीतून भांडायला अजून जीभ अडखळते, आणि मोठी केंद्रं आपलं वेळापत्रक सगळ्यांचं असल्यासारखं मांडतात. पण एक रीत घ्यावीशी वाटते. नवं जिथे जुन्यापेक्षा वाईट ठरतं, तिथलेही तक्ते सगळ्या भागीदारांपुढे ठेवले जातात. ज्या लुईस फ्राय रिचर्डसनच्या नावावरून नव्या कोडचं ‘एलएफरिक’ हे नाव पडलं, त्यानंच तो पायंडा घातला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवताना, गवताच्या ढिगावर कागद ठेवून त्यानं जगातला पहिला आकडेमोडीचा अंदाज काढला. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनं बदलेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. इतकी नामुष्कीची चूक त्यानं १९२२ च्या आपल्या पुस्तकात जशीच्या तशी छापली.

आपल्याकडे उद्घाटन छापून येतं. बारा किलोमीटरच्या चौकटीत १४४ चौरस किलोमीटर बसत होते, आता ३६ बसतात. ही मोठी झेप आहे, आणि पुण्याच्या मंडळींनी ती घेतली याचा मला अभिमान आहे. पण यवतमाळात किंवा वाशिममध्ये जुनं किती चुकत होतं आणि नवं किती चुकतंय, हे गावच्या चावडीवर वाचता येईल असं मराठीत कुठे आहे? आणि पासंग जाणणारी माणसं? कृषी विज्ञान केंद्रांतले १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले. अंदाजाचा सल्ला करून तो गावाच्या भाषेत सांगणारे लोक तिथे बसत. आता संगणक आपोआप मजकूर पाठवेल, असा त्यामागचा एक युक्तिवाद होता. मॉडेल बदलण्याच्या तोंडावर हीच माणसं काढणं म्हणजे नवा काटा आणायच्या आदल्या दिवशी जुन्या मापाड्याला घरी पाठवणं. एवढा उरफाटा क्रम इथे मी पाहिला नाही. झाला असता तर भागीदारांनी पत्रं लिहून जीव खाल्ला असता.

ग्रुपवरच्या एआयवाल्यांशी माझं फार भांडण नाही. ती मॉडेलं झपाट्यानं सुधारताहेत. पण त्यांनाही पासंग लागणारच, आणि तो ठरवायला गावातल्या पावसाच्या नोंदी लागणार.

त्या नोंदी कुठे असतात ते मला त्याच वर्षी कळलं. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन गोष्टी लिहितो. वर मोबाइलवर आलेला अंदाज, खाली पडलेलं पाणी. किती वर्षांपासून, विचारलं तर म्हणाला, “बाबा गेले तवापासून.” म्हणजे नऊ वर्षं. हवामानात पीएचडी केलेल्या भावाला हे सांगावंसं त्याला कधी वाटलं नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी जूनच्या पानाचा फोटो मागवला. महिन्याच्या सुरुवातीला वर ‘पाणी येते’ आणि खाली नुसती रेघ, असे सहा दिवस ओळीनं. १९ तारखेच्या चौकोनात वरची जागा कोरी होती. खाली लिहिलं होतं, ‘वीतभर ओल. पेरनी केली.’