इयागो समजून घेताना घ्यावयाची काळजी

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या प्रयोगानंतर चर्चेला थांबायचं असेल, तर त्यातला खलनायक इयागो समजलेला असावा लागतो. परवाच्या चर्चेत तो, त्याच्या 'ग्रे शेड'सकट, माझ्याखेरीज सगळ्यांना समजला होता. तुमची तशी पंचाईत होऊ नये म्हणून हा प्रपंच.

सुरुवात प्रमोशनपासून करा. सेनापती ऑथेल्लोनं कॅसिओला लेफ्टनंट केलं आणि इयागो बिचारा निशाण सांभाळत राहिला. वय अवघं 28. इथे आपल्या ऑफिसातलं अप्रेझल जोडून द्यावं. परवा एका गृहस्थांनी जोडलं, सभागृह हळहळलं.

तो पुढे आणखी कारणं देतो, तिकडे कानाडोळा करा. ऑथेल्लोचे म्हणे आपल्या बायकोशी, एमिलियाशी, संबंध आहेत; खरंखोटं ठाऊक नाही, पण नुसता संशयही आपल्याला पुरे. मग तोच संशय कॅसिओवर. मधेच ऑथेल्लोच्या बायकोवर, डेस्डेमोनावर, आपलंही प्रेम आहे. पाचव्या अंकात तर कॅसिओचं जगणंच इतकं देखणं आहे की त्यापुढे आपण कुरूप दिसतो. इतकी कारणं सांगणाऱ्याकडे खरं एकही नसावं, असं इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजला वाटलं होतं. तुम्हाला वाटू देऊ नका.

'बालपण' हा शब्द एकदा तरी वापराच. शेक्सपिअरनं त्याबद्दल ओळ लिहिलेली नाही, त्यामुळे खोडून कोण काढणार?

डेस्डेमोना मिळवून देतो म्हणून इयागोनं रॉडरिगोकडून उकळलेले पैसे कुठे गेले, हे विचारू नये.

आता रुमाल, ऑथेल्लोनं बायकोला दिलेला. 'डेस्डेमोनानं तो सांभाळायला हवा होता,' असं म्हणा. परवा एकजण म्हणाले, टाळ्या पडल्या. सांभाळायला हवा होता! नवऱ्याचं डोकं दुखतंय म्हणून ती तो बांधायला जाते. लहान आहे म्हणून नवरा झिडकारतो, 'राहू दे' म्हणतो, खाली पडतो तो तेव्हा. एमिलिया उचलते, इयागो तिच्या हातून घेतो आणि कॅसिओच्या खोलीत नेऊन टाकतो. त्यावरून ऑथेल्लो बायकोचा कॅसिओशी संबंध जोडतो आणि तिला मारतो. आणि हिशेब मागायचा डेस्डेमोनाकडे? देवलांनी 1890 साली 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं. म्हणजे हे नाटक नीट बघायला आपल्याला पुरेसा वेळ मिळालेला आहे.

एमिलियाचं तर अख्ख्या चर्चेत कोणी नावही काढलं नाही. डेस्डेमोनाच्या खुनानंतर रुमालाचा विषय निघतो आणि तिला सगळं कळतं. नवरा दटावतो, घरी जा. ती म्हणते, कदाचित मी आता कधीच घरी जाणार नाही. आणि बोलते. भर लोकांत, सगळं बोलते. त्याबद्दल तो तिला तिथंच भोसकतो. ही त्याची 'ग्रे शेड' का?

हे सगळं का केलंस, असं ऑथेल्लो शेवटी विचारतो. इयागो म्हणतो, मला काही विचारू नका, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. त्या माणसानं स्वतःची सफाई दिली नाही, आणि तुम्ही माईक धरून ती देताय! वकीलपत्र कोणी दिलं तुम्हाला? गुंतागुंतीचा आहे, मान्य. म्हणून त्याच्या बायकोचा खून तुमच्या लेखी तळटीप होतो? नाटक बघायला येता की ऑफिसातली धुणी धुवायला? पुढच्या खेपेला आधी एमिलियाचं नाव घ्या. जमत नसेल तर माईक खाली ठेवा, लोकांना शेवटची लोकल गाठायची असते.