दिवसभर इंजिन चालतं, तरी बॅटरी अर्धीच?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रॉलरचं इंजिन दिवसरात्र चालू, मीटरवर १३.८ व्होल्ट दिसतात, मग पावसाळी मासेमारी बंदीआधी बॅटरी घरी नेऊन चार्ज करायचा सल्ला म्हणजे किनाऱ्यावर बसून शिकवलेलं शहाणपण. बॅटऱ्या तशाही दोन वर्षांत जातात.

जातात खऱ्या. का जातात, यावरच आपलं भांडण आहे.

ते १३.८ व्होल्ट अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र), बॅटरीचे नव्हेत. इंजिन बंद करा, दिवे, जीपीएस, वायरलेस, फिश फाइंडर सगळ्यांची जोडणी काढा आणि चार-पाच तासांनी मोजा. १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. (२४ व्होल्टवाल्यांनी आकडे दुप्पट धरावेत.) लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, पुढे करंट घेणंच कमी करते. उरलेल्या २० टक्क्यांना १४.४ च्या आसपास व्होल्टेज आणि कित्येक तास लागतात. १३.८ वर ते काम रखडतं. त्यात इंजिनची आणि केबिनची बॅटरी वेगळी राहावी म्हणून मध्ये डायोडचा आयसोलेटर असेल, तर तोच अर्धा-पाऊण व्होल्ट खातो. खाऱ्या हवेनं हिरवे पडलेले टर्मिनल आणि लांब, बारीक वायर उरलेलं खातात. शिवाय रात्री जाळी ओढताना दिवे चालू असतात ते वेगळंच.

अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटींवर लेड सल्फेट साचतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं, तसंच राहिलं तर टणक होत जातं आणि मग निघत नाही. १ जून ते ३१ जुलै बोट शाकारून ठेवता, तेव्हा नेमकं हेच घडतं. बॅटरी नुसती पडून राहिली तरी थोडी उतरते, जुनी असेल तर जास्तच. ऑगस्टमध्ये स्टार्टर किरकिरला की आपण कंपनीला शिव्या घालतो.

सोलर पॅनेलबद्दल तुमचं बरोबर. ताडपत्रीखाली झाकलेल्या बोटीवर त्याचा काय उपयोग? म्हणूनच बॅटरी घरी न्या म्हणतो. पूर्ण चार्ज करा, महिन्यानं पुन्हा एकदा करा. सिमेंटच्या लादीवर ठेवली की उतरते म्हणता, ते आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना लागू नाही. मनाला बरं वाटत असेल तर खाली फळी घाला. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेवढी चुलीपासून लांब ठेवा.

डिस्टिल्ड वॉटर घालता हे उत्तम, पण ते चार्ज झाल्यावर घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं. प्लेटी उघड्या दिसत असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी घालायला हवं. ॲसिड वरून ओतू नका, कुणीही सांगितलं तरी.

तुमच्या बोटीवर आयसोलेटर आहे की हातानं फिरवायचा चेंजओव्हर स्विच, तेवढं कळवा. स्विच असेल तर अर्ध्या-पाऊण व्होल्टचा माझा मुद्दा तुम्हाला लागू नाही; मग आधी टर्मिनल आणि वायर तपासू.