गटारातला पोलिओ अन् गावातली आशाताई

नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ (One Health, म्हणजे माणसाच्या अन् जनावरांच्या रोगांकडे एकत्र बघणाऱ्या) संस्थेचं भूमिपूजन झालं डिसेंबर 2022 मध्ये, तेव्हापासून आमच्या यवतमाळकडच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतो. काही जण म्हणतात, जनावरातून येणारा रोग असो नाहीतर कोणी मुद्दाम सोडलेला जंतू, आता इथंच पकडला जाईल. बाकीचे म्हणतात, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर भेटत नाही अन् तुमचं काय चाललंय! मी लंडनला राहतो, मला दोघांचंही पटतं, पण या दोघांच्या मधलं कोणी बोलतच नाही.

इथं लंडनला 2022 मध्ये बेक्टन भागातल्या सांडपाणी प्लांटमध्ये पोलिओचा विषाणू सापडला. फेब्रुवारीपासूनच्या नमुन्यांत दिसत होता, लंडनमध्ये एकाही पोराचा पाय लुळा पडला नव्हता, तरी ऑगस्टमध्ये 1 ते 9 वर्षांच्या सगळ्या पोरांना जादा डोस द्यायचं ठरलं, माझ्या पोरीलाही टोचला. भारीच काम आहे. पण ते जमलं कारण घराघरातला संडास मोठ्या पाइपातून एका ठिकाणी जातो, आमच्या गावात शोषखड्डे अन् उघड्या नाल्या, नमुना घेणार कुठून?

आपल्याकडे ते काम आशाताई करते. कोणाच्या घरी ताप, कोणाला हगवण, हे तिला आधी कळतं, मग एएनएम (उपकेंद्रातली नर्स) ते मोबाईलवर सरकारी पोर्टलमध्ये भरते. चांदीपुरा विषाणू आठवा, 1965 मध्ये नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात सापडला, 2003 मध्ये आंध्रात अन् आपल्या विदर्भात किती पोरं गेली त्यानं. तो पसरवणारी सँडफ्लाय नावाची बारीक माशी मातीच्या भिंतीच्या भेगांत राहते, पोराला ताप येतो, झटके येतात अन् एक-दोन दिवसात पोरगं हातचं जातं. अशा वेळी "दोन घरी झटके आलेत" हा आशाताईचा फोन त्याच दिवशी गेला नाही तर नागपूरची काय अन् पुण्याची काय, कुठलीच लॅब वेळेवर कामाला येत नाही.

मुद्दाम सोडलेल्या जंतूचंही तेच. 2001 मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचा जंतू पाठवला गेला तेव्हा पहिला रुग्ण फ्लोरिडातल्या एका डॉक्टरच्या नजरेमुळे कळला.

आता बघा, मानधनासाठी आशांना संपावर बसावं लागतं हे मला फार लागतं. दुसरं म्हणजे अर्धं गाव आधी प्रायव्हेट डॉक्टरकडे नाहीतर मेडिकलवर जातं, ते कुठं नोंदवलं जातं? इथं इंग्लंडमध्ये ठरलेल्या रोगाचा नुसता संशय आला तरी डॉक्टरला कळवावं लागतं, तातडीचं असेल तर 24 तासात फोनवर, कायदाच आहे. अन् आपल्याकडे कळवल्यावर पुढं काय झालं ते आशाताईला कोणी सांगत नाही, मग ती पुढच्या वेळी कशाला धडपडेल?

नागपूरच्या त्या संस्थेचं ट्रेनिंग होईल तेव्हा मेळघाटातल्या धारणीच्या, यवतमाळकडच्या मारेगावच्या आशांना बोलवा, बसभाडं अन् दिवसाचा भत्ता देऊन.