उत्तर: '३०० ओहमला आवाजच पोचत नाही' या रिव्ह्यूला

नमस्कार सर, तपकीर गल्लीतल्या दुकानाचा मालक लिहितोय. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दोनदा वाचला. ११०० रुपयांचा छोटा यूएसबी डॅक (फोनमधल्या डिजिटल गाण्याचा हेडफोनला लागणारा ॲनालॉग सिग्नल करणारा) घेतला, ३०० ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप) हेडफोनला आवाज पोचत नाही, गाणं पॉज करून जरा उठलं की कनेक्शन जातं, डब्यावर ३८४ किलोहर्ट्झ लिहिलंय पण फरक काडीचा नाही, आणि दीडशेच्या कनेक्टरला आम्ही अकराशे लावले, असं तुमचं म्हणणं.

आवाजाच्या बाबतीत चूक आमचीच आहे. काउंटरवरच्या पोराने तुम्हाला 'कुठलाही हेडफोन चालतो' सांगितलं, आणि त्याला हे नीट शिकवलं नाही ते मी. हा डॅक जास्तीत जास्त साधारण १ व्होल्ट देतो, म्हणजे ३२ ओहमच्या इअरफोनला ३० मिलिवॅटच्या आसपास पॉवर जाते, कानठळ्या बसतील एवढी, पण तोच १ व्होल्ट ३०० ओहमला लावला की जेमतेम ३ मिलिवॅट. त्यात एखादं हळू आवाजात रेकॉर्ड झालेलं जुनं गाणं असलं की फुल व्हॉल्यूमलाही मन भरत नाही, मी आज सकाळी दुकानातल्या ३०० ओहमच्या पीसवर लावून बघितलं, तुम्ही म्हणता तसंच झालं. तुम्हाला २ व्होल्टवाला लागेल, व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट.

कनेक्शन जाण्याचं कारण बहुतेक फोनमध्ये आहे. काही फोनमध्ये ओटीजीचं (फोनला बाहेरची यूएसबी वस्तू जोडायची सोय) वेगळं बटण असतं आणि १० मिनिटं काही वापर नसेल तर ते आपोआप बंद होतं. सेटिंगमध्ये 'ओटीजी' सर्च करून परत चालू करा. गाणं चालू असताना मधेच जात असेल तर मात्र पीस खराब आहे, तो माझ्यावर.

३८४ चं म्हणाल तर तो आकडा म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने, आणि तो खोटा नाहीये, चिप तेवढं घेते, पण साध्या ॲपमधून वाजवलं की अँड्रॉइड बहुतेक वेळा ते ४८ वर आणूनच पुढे पाठवतो. आणि सीडी ४४.१ ची असते, त्यात त्याच्या निम्म्यापर्यंतचा, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आपला कान २० च्या वर जात नाही. त्यामुळे त्या आकड्यासाठी कोणी पैसे देऊ नयेत असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, तुम्हाला सांगायचं राहिलं.

पण दीडशेच्या कनेक्टरशी बरोबरी मला मान्य नाही सर. त्या स्वस्त कनेक्टरांत बऱ्याचदा नुसती वायर असते, ज्या फोनच्या टाइप-सीमधून ॲनालॉग आवाज निघतो तिथेच ते चालतात, बाकी ठिकाणी गप्प. ह्यात डॅक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही आहेत आणि ३२ ओहमच्या वायरवाल्या इअरफोनला ह्या किमतीत ह्याच्यासारखं दुसरं मी तरी ऐकलेलं नाही. माझ्या मुलीलाही हाच दिलाय.

बिल घेऊन या, डबा फाटला असला तरी चालेल, पूर्ण पैसे परत. येताना तुमचा हेडफोन पण आणा, २ व्होल्टवाले दोन पीस काढून ठेवतो, अर्धा तास बसून ऐका, आवडला तरच वरचे पैसे द्या. काउंटरवर आजपासून आधी 'हेडफोन कुठला?' विचारायचं असं पोरांना सांगितलंय. रविवारी बंद असतो, बाकी संध्याकाळी ५ नंतर मी असतोच.