पोरं वर्गातून घालवायची सोपी रीत

सर, आधी अभिनंदन. कॉलेजात सहायक प्राध्यापकाची जागा निघाली, ती तुम्हाला मिळाली. कशी मिळाली ते मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका. सातव्या वेतनात मूळ पगारच ५७,७०० पासून सुरू होतो, तेव्हा शिकवायची घाई कशाला? आधी शहरात प्लॉट बघा.

पहिल्याच तासाला विचारा, "बीएला का आलात? दुसरीकडं नंबर लागला नाही म्हणून ना?" वर्ग हसतो. आपल्यालाच हसतोय हे पोरांना घरी गेल्यावर कळतं.

कुणी प्रश्न विचारला तर आधी गाव विचारा, मग आडनाव.

हजेरी ७५ टक्के. कागदावर.

तास तासिका तत्त्वावरच्या पोराकडं ढकला. त्याचं मानधन महिनोन्महिने निघत नाही, तो बिचारा कशालाच नाही म्हणत नाही.

आणि जुनी उदाहरणं मनावर घेऊ नका. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. घराण्यात पहिल्यांदाच पाटी धरलेली पोरं तिथं शिकली आणि लिहायला, भांडायला लागली. नांदेडला पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते. त्यांना जाऊन चाळीस वर्षं उलटली तरी म्हातारी माणसं अजून "आमचे गुरुजी" म्हणतात. केवढा उपद्व्याप! तुम्ही फक्त फोटोला हार घाला.

आता नॅक, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी संस्था. तिची समिती येणार म्हटलं की भिंती रंगवा, फायली रंगवा, कधी न झालेल्या कार्यक्रमांचे फोटो जमवा. मागच्या मंगळवारी माझी भाची सकाळच्या एसटीनं उभ्यानं कॉलेजला गेली. नऊच्या गाडीचा भरवसा नसतो म्हणून साडेसातच्या. तास अकराचा. झाला नाही. तिनं स्टाफरूमच्या दारातून विचारलं, "सर, तास होणार का?" उत्तर मिळालं, "शिकून काय कलेक्टर होणारेस? नॅकच्या दिवशी ये तेवढी, साडी नेसून. स्वागताला पोरी कमी पडायल्यात."

ती घरी आली, जेवली नाही. "मामा, उद्यापासून मी नाही जात."

तिच्या बापाला पारावर कुणीतरी विचारलं, पोरगी घरीच दिसती? तो म्हणाला, "तिथं शिकवीतच नाहीत." झालं. आमच्या गल्लीत दहावी-बारावीच्या चार पोरी आहेत. दोघींचे आईबाप दिवाळी आली की ऊसतोडीला जातात. वयात आलेली पोर मागं कुणापाशी ठेवायची, हा त्यांना घोर. एक पोरगी रोज पाठीला दप्तर लावून एसटीत चढताना दिसत होती, तोवर त्या पोरींच्या आयांना "शिकू द्या अजून" म्हणायला तोंड होतं. आता लग्नाचे मध्यस्थ फिरायला लागलेत. तुमच्या एका वाक्यानं, सर. तेही चहा पिता पिता.

जाऊ द्या, हा उपरोध मला जमत नाही. तुमच्या बापानंही कापूस विकूनच फी भरली ना? मग ही भाषा कुठं शिकलात? पगार सरकारचा, म्हणजे आमचा. घेता ना दर महिन्याला? लाज वाटू द्या थोडी. नॅकवाल्यांना दाखवायला पोरी लागतात, शिकवायला नको?

भाचीच्या पासाचे अजून नऊ दिवस उरलेत. आम्ही समजावतोय, उद्या कदाचित येईल. माफी मागणं तुम्हाला जमायचं नाही, नका मागू. अकराचा तास घ्या.